कापशीची काजळी

आमच्या घरात भुतांना बंदी होती. दीक्षा घेतली तेव्हाच अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर मुंजे, हडळी, आसरा, चकवा अशी सगळी मंडळी घराबाहेर काढली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, रोज संध्याकाळी वंदना, आणि कुणी काही दिसल्याची, ऐकू आल्याची गोष्ट काढली की अण्णांचं ठरलेलं वाक्य, "ते आपल्यात नाही." आई मान डोलवायची आणि त्यांची पाठ वळली की मीठ-मोहरी घेऊन घोडीची दृष्ट काढायची. त्यामुळे पुढं आमच्या पत्र्याच्या तबेल्यात जे काही वावरत राहिलं, त्याला नाव द्यायची सोय राहिली नाही. नाव असतं तर निदान घालवता आलं असतं.

घर येरवड्याला, तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या अलीकडच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढं ओटा आणि मागं तबेला. तबेला खोल्यांपेक्षा ऐसपैस, कारण घरातली कमावती बाई तिथं राहायची. तिचं नाव कापशी. अण्णा पूर्वी स्टेशनवर टांगा चालवायचे. रिक्षा वाढल्या तसा टांगा गेला, घोडी राहिली, आणि घोडी घेतली तेव्हापासूनच पांढरीशुभ्र असल्यामुळे वरातीच्या कामाला लागली. सकाळी तुरुंगातला टोल पडला की आई उठून आधी भिजवलेले हरभरे उपसायची. त्यातले टपोरे कापशीच्या तोबऱ्यात जात आणि उरलेल्यांची उसळ आमच्या ताटात. तोंडाला तोबरा बांधलेली कापशी पत्र्याआड कुरुमकुरुम चावायची आणि अलीकडं आम्ही भाकरीबरोबर तेच चावायचो. आजही हरभऱ्याची उसळ खाताना मला पाठीमागं कुणीतरी माझ्याबरोबर चावतंय असं वाटतं. सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, कवळी नीट बसवून घ्या एकदा."

अण्णांनी घोडी ठेवली ती नुसती पोटासाठी नाही. त्यांच्या गावी आमच्यातल्या नवरदेवानं घोड्यावर बसायची सोय नव्हती. स्वतःच्या लग्नात ते पारापासून मांडवापर्यंत चपला हातात घेऊन चालत गेले होते. हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. शहरात आल्यावर अण्णांनी मनाशी एकच गाठ मारली होती, आपल्या वस्तीतला नवरदेव पायी मांडवात जाणार नाही. आणि बसायचं तर पांढऱ्याच घोडीवर. काळ्या-तांबड्या घोड्यावर बसला तर लोक म्हणणार, मिळालं ते घेतलं. कापशीवर नवरदेव बसला की अण्णा लगाम धरून पुढं चालत, पागोट्याचा शेमला खांद्यावर, नजर सरळ. बँडवाले घामाघूम होत, बायका नाचत, आणि अण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. मला तेव्हा वाटायचं, यांना लग्नं आवडत नाहीत. मी फार हुशार मुलगी होते.

वरातीच्या आदल्या दिवशी आई कापशीला आंघोळ घालायची. खरारा करून झाला की बादल्यांमागून बादल्या, आणि शेवटच्या बादलीत नीळ, जशी शाळेच्या सदऱ्याला घालतात तशी. पाणी ओतायचं काम माझं. ओली झाली की कापशी काळपट निळी दिसायची, भरून आलेल्या आभाळासारखी. मी म्हणायची, "आई, नीळ जास्त झाली." आई म्हणायची, "वाळली की ठीक हुईल." वाळली की ठीक व्हायची. मी लहानाची मोठी झाले तरी आमचा हा संवाद बदलला नाही. माझ्या नाकासमोर एवढं मोठं जनावर ओलंचिंब उभं असायचं आणि मी नीळ जास्त झाली म्हणत राहायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कापशीचं वय व्हायला लागलं तशी अण्णांना तिच्या जागी येणारीची काळजी लागली. वाघोलीला तात्या म्हणून एक घोडेवाले होते, त्यांच्याकडं पांढरा घोडा होता. आता माझा धाकटा मुलगा वाघोलीत अकराव्या मजल्यावर राहतो आणि खाली उतरून दूध आणायचं तरी गाडी काढतो. तेव्हा तिथं माळ होता आणि माळावर तात्यांचा घोडी बांधायचा वाडगा. अण्णा कापशीला चालवत तिकडं घेऊन गेले आणि चालवत घेऊन आले, आणि वर्ष संपता संपता, एका सकाळी टोलाच्या आधीच आईनं मला हलवून उठवलं. तबेल्यात कापशी उभी होती, आणि तिच्या पायाशी, गवतात, दिवा विझल्यावर उरतो तसा अंधाराचा एक गोळा थरथरत होता. शिंगरू काळंकुळकुळीत. मादी होती, पण पांढऱ्याचा एक केस नव्हता. अण्णांनी कंदील तिच्या कपाळाजवळ नेला, पोटाखाली नेला, चारी पायांशी नेला आणि मग बाहेर जाऊन ओट्यावर बसले. शेजारच्या पारूमावशींनी सकाळी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "वरातीला नाही, मयताला चालेल." आईनं तिचं नाव ठेवलं काजळी. दृष्ट लागू नये म्हणून आपण बोटभर काजळ लावतो, हिला देवानं बादलीभर लावलं होतं, असं आई म्हणाली, आणि देव म्हटल्याबद्दल अण्णांकडून बोलणी खाल्ली.

नेमकी त्याच वर्षी मी कॉलेजात विज्ञानाला गेले होते. वस्तीतली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी म्हणून माझं डोकं आधीच तुरुंगाच्या भिंतीपलीकडून दिसत होतं. त्यात आम्हांला आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला. वाटाण्याची उंच आणि बुटकी झाडं, वरचढ गुण आणि दबलेला गुण, आणि तो चार घरांचा चौकोन. आईची अक्षरं वर लिहायची, बापाची बाजूला, आणि पोरं आतल्या घरांत आपोआप पडतात. मला तो चौकोन इतका आवडला की मी जगातली प्रत्येक गोष्ट त्यात बसवायला लागले. दोन बुटक्या झाडांना उंच पोर होत नाही. पांढरा रंग म्हणजे बुटका गुण, हे मी माझ्या मनानं ठरवलं, कारण जगात पांढरी घोडी कमी दिसतात. मग दोन पांढऱ्यांना काळं पोर होईलच कसं? मी ओट्यावर खडूनं चौकोन काढला आणि अण्णांना दाखवला. चारही घरं पांढरी.

अण्णांनी चौकोनाच्या एकेका घरावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तात्यानं घोडा बदलला."

"शास्त्र तसं सांगतं, अण्णा," मी म्हणाले.

"त्या दिवशी तिथं मी चहाला गेलो होतो," अण्णा म्हणाले. "त्यानंच पाठवलं होतं मला चहाला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीनं वाघोलीला. मी चापूनचोपून दोन वेण्या घातलेल्या, हातात पुस्तक. तात्या बाजेवर बसून दाढी करत होते. अण्णांनी सुरुवात केली आणि तात्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड सोडलं. "आरं, माझ्या घोड्यावर आळ घेतूस? समदी पंचक्रोशी वळखती त्याला." मी मध्ये पडले. विटेचा तुकडा उचलून त्यांच्या चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर चौकोन काढला, अक्षरं भरली आणि वाटाण्यांपासून सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी वस्तरा हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं. मग अण्णांकडं वळून म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, चांगलं हाय. पर माझा घोडा वाटाणा हाय व्हय?"

बाजूला बसलेली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. आपल्या मुलीच्या चौकोनावर कुणी हसलं हे त्यांना घोडा बदलण्यापेक्षा जास्त लागलं. "तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला. येताना एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी विजयी मुद्रेनं बाहेर बघत होते. आज त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसता आलं असतं तर तिच्या दोन्ही वेण्या एकमेकींना बांधून ठेवल्या असत्या.

पुराव्यावर शिक्का मारून घ्यावा म्हणून मी तो चौकोन आमच्या प्राणिशास्त्राच्या लेलेबाईंना दाखवला. बाई उंच, सुती नऊवारीसारखी घट्ट नेसलेली पाचवारी, आणि बोलणं लिमलेटच्या गोळीसारखं, आधी आंबट मग कळलं तर गोड. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"घोड्याचा चौकोन, बाई."

"घोडा चौकोनी असतो की लांबट ते नंतर बघू. पांढरा हा दबलेला रंग, हे तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, बाई."

"पुस्तकात वाटाणे आहेत. घोडीच्या कातडीचा रंग कोणता?"

"पांढरा."

"पाहिलास?"

"मी आंघोळ घालते तिला, बाई."

"मग आज डोळे उघडून घाल."

त्या दुपारी मी कापशीच्या मानेवर एक बादली ओतली. नीळ नव्हती त्या पाण्यात. केस चपटे बसले आणि खालून ती आली, तीच भरून आलेल्या आभाळासारखी काळपट निळाई. मी बोटांनी केस बाजूला केले. कातडी काळी होती. मानेवर काळी, खांद्यावर काळी, पोटाखाली काळी. पांढऱ्या पोशाखातून एखाद्या भलत्याच माणसानं डोळे रोखून बघावं तसं झालं मला. इतकी वर्षं आमच्या घरात एक काळी घोडी राहत होती आणि आम्हां कुणालाच तिची ओळख नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना निळीसकट सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. तुमची घोडी पांढरी नाहीच. ती लवकर म्हातारी झालेली काळी घोडी आहे. जन्माचा रंग काळा असो, तांबडा असो, त्याच्यावर एक वेगळं जनुक येऊन बसतं आणि ते एकच काम करतं, केस पिकवतं. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. तुमच्या शिंगरात ते आलं असलं तर तेही पांढरं होईल, सात-आठ वर्षं घेईल. नसलं आलं तर काळंच राहील. जन्माचे केस झडले की डोळ्यांभोवती बघत राहा, सुरुवात तिथून होते. मी निघाले तशा त्या म्हणाल्या, "घोडीचं वय काय?"

"बरंच आहे, बाई."

"शेपटीखाली गाठी आहेत?"

"नाहीत."

"नीळ जास्त झाली म्हणणारी तूच ना? बघ जाऊन. केसांतून रंग जातो, कातडीत तो राहतोच. अशा घोड्यांत उतारवयात त्याच्या गाठी धरतात. काळ्या असतात. उपाय फारसा नाही."

घरी गेले तेव्हा आई तबेल्यात कापशीची शेपटी विंचरत होती. वरातीच्या घोडीच्या शेपटीची आई वेणी घालायची आणि तिला वर, अगदी मुळाशी, घुंगरं लावलेला लाल लोकरीचा गोंडा बांधायची. पुण्यात सगळे घोडेवाले गोंडा वेणीच्या टोकाला बांधत. आमचाच तेवढा मुळाशी. मी आजवर ती आमच्या घरची शोभा समजत होते. मी पुढं होऊन शेपटीला हात घातला.

"हात काढ," आई म्हणाली.

मी काढला नाही. गोंडा बाजूला सरकला. खाली, जिथं केस नसतात त्या मऊ कातडीवर, काळ्या द्राक्षांचा घड लागावा तशा गाठी होत्या. चकचकीत. कापशी पाय न हलवता उभी होती, डोळे अर्धे मिटून, जशी कुणी रोज हात लावतं आणि तिला ते ठाऊक आहे.

"कधीपासून?"

"हायत."

"अण्णांना माहीत आहे?"

आईनं गोंडा परत जागेवर आणला आणि नाडी आवळली. "त्यास्नी कळलं तर कापशीला दारात उभी करत्याल. कामाला न्यायची न्हाईत. मग वस्तीतली पोरं चालत जात्याल मांडवात. तिला दुखत न्हाई आजून. दुखाया लागलं की मीच सांगीन."

मग वेणीचं टोक हातात धरून, मला नाही तर घोडीलाच विचारल्यासारखं ती म्हणाली, "वरनं उतरलेलं काळं जायाचं तरी कुठं?"

अण्णांना मी फक्त शिंगराचं सांगितलं, की कदाचित पांढरी होईल, आणि तात्या कदाचित खोटं बोलत नव्हते. अण्णांनी ओट्यावरचा खडूचा चौकोन पायानं पुसला. "त्या दिवशी शास्त्र सांगत होतं काळी होणार नाही. आज शास्त्र सांगतं पांढरी होईल. सुजाता, वाटाणे बास झाले." चौकोन तोच होता आणि काढणारीही तीच.

आईला सांगावं लागलं नाही. थंडीत एका सकाळी कापशी खाली बसली ती उठली नाही. शेण अडकलं होतं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी गोंडा सोडला, शेपटी उचलली, आणि मान वर करून अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आईकडं बघितलं. आई पदराचं टोक दातांत धरून उभी होती. अण्णा तिला एक शब्द बोलले नाहीत. दुपारी कापशी गेली. तिला न्यायला गाडी आली तेव्हा वस्तीतले पुष्कळ जण उभे होते, तिच्यावर बसून बोहल्यावर गेलेले बाप्ये, कडेवर पोरं घेतलेले. गाडी वळणाआड गेल्यावर अण्णांनी तो गोंडा स्वतः धुतला, पिळला आणि तबेल्याच्या खुंटीला टांगला.

त्यानंतर आमच्या घरात आवाज यायला लागला. संध्याकाळी वंदना चालू असायची, आणि लांबून, नदीपलीकडून का होईना, कुठल्या वरातीच्या बँडचा ताशा ऐकू आला की तबेल्यातून टाप वाजायची. पुढच्या उजव्या पायाची, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. निघायची वेळ झाली की कापशी तशीच वाजवायची. मी सांगितलं, काजळी कापशीचं बघून शिकली असेल. ऐकायला बरं होतं. पण काजळीच्या खुरांना अजून नाल ठोकलेले नव्हते, आणि आवाज लोखंडाचा होता. मग मी सांगितलं, पत्रा आहे, गार पडताना वाजतो. आई म्हणाली, "ताशा ऐकूनच गार पडतो व्हय?" अण्णा म्हणाले, "ते आपल्यात नाही." पण ते म्हणताना वंदनेची ओळ अर्ध्यावर थांबलेली असायची, आणि ते ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत. खुंटीवरचा गोंडाही वाजायचा. वारा असेल. माझ्याकडं प्रत्येक आवाजाला एक कारण तयार होतं आणि तरी अंधार पडल्यावर मी हरभरे भिजवायला तबेल्यातल्या माठाकडं एकटी जात नव्हते. आईलाच बरोबर घेऊन जायची, आणि वर तिलाच सांगायची, की भीती हे अज्ञान असतं.

उन्हाळ्यात अण्णांनी ठरवलं, तबेला रिकामा करायचा. काळ्या घोडीला वरातीचं काम नाही, आणि बसवून खायला घालायची ऐपत नाही. ते एका गोदामावर रखवालदारीला जाणार होते. स्टेशनवर अजून टांगा टिकवून असलेले त्यांचे जुने दोस्त इब्राहिमचाचा काजळीला न्यायला आले. म्हणजे आता वस्तीतले नवरदेव पुन्हा आपापल्या पायांनी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. आईनं त्या दिवशी काजळीला तोबरा भरून हरभरे दिले, टपोरे, आणि घरात आम्हांला आमटी-भाकरी.

चाचांनी तिला दावणीतून सोडून उन्हात आणलं, दात बघितले, पाय उचलून बघितले आणि दोरी धरून तिचं तोंड माझ्या बाजूला वळवलं. जन्माचे केस नुकते झडले होते. दुपारचं ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर पडलं. दोन्ही डोळ्यांभोवती, कुणी राखेत बोट बुडवून फिरवावं तशी, पांढऱ्या केसांची बारीक कड होती.

"थांबा," मी म्हणाले.

आई पुढं आली. तिनं ते बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "कापशी," ती म्हणाली. "कापशी बगती हाय ह्यातनं."

"ते आपल्यात नाही," अण्णा म्हणाले.

"भूत नाही आई," मी म्हणाले. "ते जनुक आहे. कापशीकडून तिच्यात आलंय. ते आता एकेक केस पिकवत जाईल."

"म्हंजे कापशीच न्हवं?"

"कापशी नाही. तिचा एक तुकडा."

"मग तू काय येगळं सांगतीस?"

आई माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या पुढच्या प्रश्नाचा मला आधीच अंदाज आला. "आन् गाठी?"

चाचा दोरी धरून उभे होते. अण्णा ऐकत होते. मी पहिल्यांदाच खडू, वीट, पुस्तक काहीही हातात न घेता बोलले. "त्याही येतील, बहुतेक. काळीच राहिली असती तर एवढी भीती नव्हती. पांढरी होणार म्हणजे आतून त्याचीही तयारी होणार. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं."

अण्णा काजळीजवळ गेले. त्यांनी अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची ती कड पुसून बघितली, राख असेल तर निघेल म्हणून. निघाली नाही.

"पांढरी व्हायला किती वर्षं लागतील म्हणालीस?"

"सात-आठ. जास्तही."

"तोवर काळीच?"

"काळी, मग करडी, मग मधलंच काहीतरी."

अण्णांनी चाचांच्या हातातून दोरी घेतली. "मधलंच तर मधलंच," ते म्हणाले. "बसतील पोरं. लगाम मी धरतो. बघू कोण काय म्हणतं ते." मग आईकडं वळले, आणि थंडीपासून अडकलेलं बोलणं तेव्हा बाहेर पडलं. "आणि गाठी धरल्या, की या वेळी मला सांगायचं."

आईनं मान हलवली. चाचांनी टोपी काढून घाम पुसला. "घोडी नहीं देनी तो मत दो," ते म्हणाले, "लेकिन इस लडकी को चाय बनाने भेजो. जब से आया हूँ, भाषण दे रही है."

त्या संध्याकाळीही ताशा वाजला, तबेल्यात टाप वाजली, दोनदा, मग दोनदा. अण्णांनी वंदनेची ओळ न थांबता पुरी केली.

माझं लग्न झालं तेव्हा काजळी ना इकडची ना तिकडची होती, अंगावर रुपयाएवढे करडे ठिपके, तोंड मात्र पुरतं पांढरं. कापशीचं तोंड. सासूबाईंना हा रंग पसंत नव्हता. त्यांनी कुणाकरवी तिच्या अंगावर शाळेतल्या खडूची पूड चोळवली, आणि माझा नवरा मांडवात उतरला तेव्हा सुटाची पँट मागून पांढरीफेक. सगळी वरात हसली. अण्णा लगाम धरून पुढं चालत आले होते, पागोट्याचा शेमला खांद्यावर, नजर सरळ, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की ते चालताना पायातल्या चपला मुद्दाम जोरानं वाजवतात.

काजळी उशिरा पांढरी झाली आणि गाठीही उशिरा आल्या. माझी नात इरा जनुकांचंच काहीतरी शिकते. ती म्हणते, "आजी, सिंपल आहे. एक तुकडा दोनदा कॉपी झालाय, बस. दोन्हीकडून आला की फास्ट, एकीकडूनच आला तर स्लो." म्हणजे काजळीला तो एकट्या कापशीकडून आला असावा. म्हणजे तात्यांनी खरंच घोडा बदललाही असेल. म्हणजे मी चुकीच्या हिशोबानं बरोबर माणसाशी भांडून आलेही असेन, आणि हे सांगायला आता ना अण्णा आहेत ना तात्या. आईनं मात्र शब्द राखला. एकदा जेवताना ती एवढंच म्हणाली, "धरल्यात." अण्णांनी हातातला घास खाली ठेवला, आणि पुन्हा उचलून खाल्ला. त्या लग्नसराईपासून काजळी दारात उभी राहिली. तिच्या शेपटीला गोंडा बांधला नाही.

आता मी बिबवेवाडीत राहते. आमच्या बिल्डिंगसमोरच्या कार्यालयात लग्नसराईत रोज एक वरात. बँड गेला, डीजे आला, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि पत्र्याचं छप्पर गेल्यालाही आता जमाना झाला. तरी मला त्या गोंगाटाखालून ती टाप ऐकू येते, उजव्या पायाची. कारण सांगायचं मी सोडून दिलंय. परवा संध्याकाळी मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली उतरले. इरा मागून धावत आली. "आजी, प्लीज, किती ऑकवर्ड आहे हे." घोडी रस्त्याच्या कडेला उभी होती, झगमगीत झूल, पांढरीफटक, नवरदेव वर बसून फोनवर. धरणारा माणूस चांगला पन्नाशीचा होता. मी घोडीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, मागं सरकवला, आणि शेपटीखाली घातला. लाथ मारेल म्हणून इरा किंचाळली. घोडी हलली नाही. डोळे अर्धे मिटून उभी राहिली, जशी कुणी रोज हात लावतं आणि तिला ते ठाऊक आहे. बोटांना तीन-चार द्राक्षं लागली, लहान, घट्ट.

मी वेणीच्या टोकाचा गोंडा सोडला, वर मुळाशी नेला आणि नाडी आवळून बांधला. हात विसरले नव्हते.

"काय झालं, आजी?" धरणाऱ्या माणसानं विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याची नजर माझ्या हातावर होती, आणि मग गोंड्यावर. त्याला माहीत होतं. वर बसलेल्याला नव्हतं.

"दुखायला लागलं की उभी कर दारात," मी हळूच म्हणाले.

त्यानं मान हलवली. डीजे सुरू झाला, आणि घोडीनं पुढचा उजवा पाय उचलून रस्त्यावर वाजवला. दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा.